पडद्यावर ‘प्रेम’ लिहिलं की पाय घट्ट रोवतात का?

फोनवर चांगला शब्द वाचला की तोल सुधारतो, असा एक दावा आहे आणि तो पटवायला एक खेळ दाखवतात. तो खेळ साधारण असा असतो. तुम्हाला पुढे बोलावतात. पाय जुळवून उभं राहायला सांगतात, उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायला लावतात आणि डाव्या हातात फोन देतात. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘द्वेष’. तो वाचायचा आणि फोन छातीशी धरायचा. मग समोरचा माणूस तुमच्या उजव्या मनगटावर दोन बोटं ठेवून खाली दाबतो आणि तुम्ही एका बाजूला कलंडता. आता पडद्यावर शब्द बदलतो, ‘प्रेम’. पुन्हा तसंच दाबणं. या वेळी तुम्ही खांबासारखे उभे. बघणारे टाळ्या वाजवतात.

मीही एकदा असा उभा राहिलो आहे, आणि खोटं कशाला सांगू, दुसऱ्या वेळी पाय खरंच रोवल्यासारखे वाटले होते. दाबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेशही नव्हता. त्यामुळे ‘सगळं थोतांड’ म्हणून हात झटकायला मन तयार होईना. काहीतरी घडलं होतं. ते नेमकं काय, आणि त्यात पडद्यावरच्या शब्दाचा वाटा किती, हे शोधायला मी बसलो आणि आधी उभं राहणं म्हणजे काय याच्यातच अडकलो.

कारण ‘स्थिर उभा राहा’ असं आपण सहज म्हणतो, पण स्थिर कुणीच उभं राहत नाही. आत्ता उठून बघा. पाय जुळवा, हात सैल सोडा, डोळे मिटा आणि लक्ष तळव्यांकडे न्या. (भिंत किंवा खुर्ची हाताशी असू द्या. वय झालं असेल, चक्कर येत असेल, तर डोळे मिटूच नका.) अर्ध्या मिनिटात कळेल की वजन कधी टाचांकडे जातंय, कधी चवड्यांवर येतंय, कधी एका पायाच्या बाहेरच्या कडेवर सरकतंय. घोट्यात काहीतरी सतत धरतंय, सोडतंय, पुन्हा धरतंय.

माणसाचा गुरुत्वमध्य उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर, म्हणजे बेंबीच्या थोडा खाली असतो. एवढ्या उंचीवरचं सगळं वजन दोन पावलांच्या इवल्याशा चौकटीवर तोलायचं असतं. तळहातावर काठी उभी धरायचा खेळ तुम्ही लहानपणी खेळला असाल. काठी कलली की हात तिकडे न्यायचा. उभं राहणं म्हणजे जवळजवळ तेच, फक्त इथे काठी आपणच आणि हातही आपलाच. शरीर जरा पुढे झुकलं की पोटऱ्यांचे स्नायू आवळतात, मागे गेलं की नडगीच्या पुढचे स्नायू ओढतात. प्रयोगशाळेत माणसाला फोर्स प्लेट नावाच्या पाटावर उभं करतात. पायांचा दाब कोणत्या बिंदूवर केंद्रित झालाय हे तो पाट क्षणाक्षणाला टिपतो. संगणकावर त्या बिंदूची रेघ उमटते आणि ती दिसते एखाद्या लहान मुलाने पेन्सिलीने केलेल्या गिरगोट्यासारखी. धडधाकट माणसाचाही गिरगोटा असतोच, सेंटिमीटरभराच्या आसपास पसरलेला. श्वासाचासुद्धा त्यात थोडा वाटा असतो.

हा गिरगोटा आटोक्यात ठेवायला मेंदू तीन ठिकाणांहून बातम्या मागवतो. एक डोळे. दुसरा कानाच्या आतला भाग, जिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं फिरल्याची खबर देतात आणि शेजारच्या दोन पिशव्या डोकं कलल्याची. आणि तिसरे तळवे, घोटे आणि स्नायू, जे दाब आणि ताण कळवतात. तिन्ही बातम्या नेहमी जुळतातच असं नाही. मग मेंदू त्या क्षणी ज्याच्यावर जास्त भरवसा वाटेल त्याचं ऐकतो. एकोणिसाव्या शतकात मोरिट्झ रोमबेर्ग या जर्मन डॉक्टरने आपल्या काही रोग्यांबाबत एक गोष्ट टिपली. पायांची जाणीव गेलेली ही माणसं डोळे उघडे असेपर्यंत ठीक उभी राहायची, डोळे मिटले की डोलू लागायची. पायांची बातमी आधीच बंद, त्यात डोळ्यांचीही बंद केली की उरतो एकटा कान. ही चाचणी आजही डॉक्टर करतात, त्याच नावाने.

डोळ्यांचं वजन किती असतं याचा एक फार सुंदर प्रयोग आहे. १९७४ साली डेव्हिड ली आणि एरिक अॅरनसन यांनी नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बाळांना एका छोट्या खोलीत उभं केलं. जमीन पक्की, पण भिंती आणि छत मिळून सरकणारे. भिंत बाळाच्या दिशेने सरकवली की बाळ मागे झुके, लडखडे, कित्येकदा बसकण मारी. जमीन जागची हलली नव्हती. बाळाला कुणी हातही लावला नव्हता. फक्त दिसणारं हललं होतं, आणि बाळाच्या मेंदूने त्याचा अर्थ लावला की आपण पुढे पडतोय. मोठी माणसं बसकण मारत नाहीत, पण तीही डोलतात.

म्हणजे नुसत्या दिसण्याने तोल बदलतो, यात वाद नाही. मग फोनवर दिसणाऱ्या शब्दाने का बदलू नये?

बदलेलही. पण आधी फोनचा हिशेब वेगळा काढावा लागेल. फोन हातात आला की शब्द उमटण्याआधीच उभं राहणं बदलतं. मान खाली जाते. डोकं साडेचार-पाच किलोंचं, ते पुढे आलं की गुरुत्वमध्य किंचित पुढे सरकतो आणि पोटऱ्यांवर काम वाढतं. कानातल्या पिशव्याही त्याबरोबर कलतात. नजर लांबून जवळ येते. त्यात जवळची वस्तू भिंतीवर चिकटवलेली असेल तर तोलाला तिची मदत होते, कारण आपण जरा हललो की ती ठळकपणे सरकल्यासारखी दिसते आणि मेंदूला चूक लगेच कळते. हातातला फोन मात्र आपल्याबरोबरच डोलतो. आपण पुढे गेलो की तोही पुढे. वाहत्या होडीतून आपण किती सरकलो हे होडीच्याच काठाकडे बघून कसं कळणार?

आणि वाचणं हेसुद्धा एक काम आहे. थॉमस स्टॉफ्रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की कोऱ्या जागेकडे नुसतं बघत असताना माणूस जितका डोलतो, त्यापेक्षा मजकुरातलं एखादं अक्षर शोधताना कमी डोलतो. यात नवल नाही. सुई ओवताना आपण श्वास रोखून, कोपर अंगाला टेकवून बसतो. कुणी शिकवावं लागत नाही. डोळ्यांना बारीक काम लागलं की शरीर आपणहून हालचाल आवरतं. उलट, शब्द मोठ्याने वाचायला लावले तर गणित फिरतं. लुसी यार्डली यांच्या १९९९ च्या प्रयोगात असं दिसलं की डोकं चालवण्यापेक्षा तोंड चालवण्यानेच डोलणं जास्त वाढतं, कारण बोलताना श्वासाची लय आणि छातीची हालचाल बदलते. म्हणजे ‘मी शांत आहे’ हे मनात वाचलं तर एक निकाल, मोठ्याने म्हटलं तर दुसरा. शब्द तोच.

म्हणून ‘फोनवर सकारात्मक शब्द दाखवला आणि तोल सुधारला’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कशाच्या तुलनेत? फोन नसतानाच्या तुलनेत असेल, तर मान, नजर, वाचन, श्वास सगळंच एकदम बदललंय. त्यातून शब्दाचा वाटा वेगळा काढता येत नाही. दोन्ही वेळा फोन हवा, त्याच उंचीवर, तीच अक्षरं, तेवढाच लांब आणि तेवढाच ओळखीचा शब्द. एकदा ‘आनंद’, एकदा ‘कपाट’. आणि एकदा अर्थ नसलेली नुसती अक्षरं.

आता शब्दाकडेच येऊ. चांगला किंवा वाईट अर्थ पायांपर्यंत पोचायचा तर वाट कोणती?

एक वाट भावनेची आहे, आणि तिच्यावर बराच अभ्यास झालाय, मुख्यतः चित्रांवर. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००५ साली लोकांना फोर्स प्लेटवर उभं करून छिन्नविच्छिन्न शरीरांची छायाचित्रं दाखवली. नेदरलँड्समध्ये २०१० साली कारिन रूलोफ्स आणि सहकाऱ्यांनी रागीट चेहरे दाखवले. दोन्ही ठिकाणी एकच दिसलं. भीतीदायक दृश्य समोर आलं की डोलणं कमी होतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. गवतात काहीतरी हललं की ससा जागच्या जागी थिजतो, ती ही जुनी प्रतिक्रिया.

इथे जरा थांबावंसं वाटतं. डोलणं कमी झालं, आणि तेही वाईट गोष्ट बघून! डोलणं कमी म्हणजे तोल चांगला असं मानलं, तर फोनवर प्रेमाऐवजी प्रेतांची चित्रं ठेवायला हवीत. या विषयात सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. कमी डोलणं म्हणजे उत्तम तोल असं समीकरण नाही. उंच कट्ट्याच्या कडेला उभं केलं की माणसं थोडी मागे कलतात, त्यांचा गिरगोटा लहान होतो पण थरथर वाढते. सगळे स्नायू एकाच वेळी आवळून अंग ताठ केलेलं असतं. ताठ झालेला माणूस गिरगोट्यात चांगला दिसतो, पण धक्का बसला तर सावरायला त्याच्याकडे जागा नसते. चांगला तोल म्हणजे गरजेपुरतं डोलणं आणि गरज पडली की पटकन पाऊल टाकता येणं. फोर्स प्लेटच्या एका आकड्यात हे मावत नाही. तेव्हा ‘अमुक शब्दाने डोलणं इतकं घटलं’ ही बातमी वाचली की विचारावं, माणूस सैलावला की गोठला?

चांगल्या चित्रांबद्दल निकाल इतके ठाम नाहीत. हसरे चेहरे, बाळं, फुलं बघून होणारा बदल भीतीच्या मानाने फिका आणि प्रयोगागणिक वेगवेगळा असतो. त्यात शब्द चित्रापेक्षाही सौम्य. ‘साप’ हा शब्द वाचून कुणी उडी मारत नाही. पायाशी साप दिसला तर मारतो.

दुसरी वाट जास्त वादाची आहे. शब्द नकळत मनात काहीतरी जागं करतो आणि शरीर त्याप्रमाणे वागतं, असं म्हणणारी. १९९९ साली जेफ्री हाउसडॉर्फ, बेका लेव्ही आणि जीन वेई यांनी साठीच्या पुढच्या लोकांना संगणकावर अर्धा तास एक खेळ खेळायला दिला. खेळता खेळता पडद्यावर शब्द इतके झटकन चमकून जायचे की वाचल्याचंही कळू नये. काहींना म्हातारपणाबद्दल चांगले शब्द, शहाणपण वगैरे, काहींना वाईट. खेळानंतर चालायला लावलं, तर चांगले शब्द मिळालेल्यांचा वेग सुमारे ९ टक्क्यांनी वाढला. हे चालणं होतं, उभं राहणं नव्हे, आणि भाग घेणाऱ्यांची संख्या पन्नासच्या आत. पण फोनवरच्या सकारात्मक शब्दाच्या दाव्याला त्यातल्या त्यात जवळचा पुरावा शोधायचा तर मी इथेच बोट ठेवीन.

आणि लगेच दुसरं बोट दुसरीकडे ठेवावं लागेल. त्याच्या तीन वर्षं आधी, १९९६ मध्ये, जॉन बार्ज आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग फार गाजला होता. विद्यार्थ्यांना वाक्यं जुळवायला दिली, त्यात म्हातारपणाशी जोडलेले शब्द पेरलेले. खोलीतून बाहेर पडताना ही तरुण मुलं हळू चालली. कित्येक वर्षं ही गोष्ट मानसशास्त्राच्या वर्गात शिकवली गेली. मग २०१२ साली बेल्जियममध्ये स्तेफान द्वायेन आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग जास्त माणसांवर केला, आणि हातातल्या घड्याळाऐवजी इन्फ्रारेड किरणांनी वेळ मोजली. फरक नाहीसा झाला. त्यांनी मग आणखी एक गंमत केली. वेळ घेणाऱ्यांपैकी काहींना आधीच सांगून ठेवलं की ही मुलं हळू चालतील. आता मात्र त्यांच्यासमोर मुलं खरंच हळू चालली. शब्द सगळीकडे तेच होते. फरक होता तो समोर उभ्या असलेल्या माणसाच्या मनात.

एकट्या या प्रयोगाचीच ही गत नाही. २०१५ साली मानसशास्त्रातले, आधी छापून आलेले १०० प्रयोग पुन्हा करून बघितल्याचा निकाल आला. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांनी ठोस फरक सापडल्याचं म्हटलं होतं. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच दिसला. यात लबाडी थोडी आणि उतावीळपणा फार. मोजकी माणसं घ्यायची, दहा गोष्टी मोजायच्या, जी जुळली ती छापायची.

तोलाच्या प्रयोगांत हा मोह आणखी मोठा असतो, कारण एकाच गिरगोट्यातून हवे तेवढे आकडे निघतात. लांबी, पसारा, वेग, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, डोळे उघडे, डोळे मिटलेले. असे वीस स्वतंत्र आकडे तपासले आणि शब्दाचा काडीइतकाही परिणाम नसला, तरी त्यातला निदान एक आकडा नुसत्या योगायोगाने ‘ठोस’ दिसण्याची शक्यता ६४ टक्के असते. एक आकडा योगायोगाने फसवण्याची शक्यता रूढ नियमाने पाच टक्के धरतात, म्हणजे न फसवण्याची ०.९५. वीस वेळा ०.९५ घेऊन त्यांचा गुणाकार करा, उत्तर १ मधून वजा करा, झालं. माणसांचंही असंच. एकाच माणसाची दोन शब्दांखाली तुलना करायची आणि मध्यम आकाराचा फरक पकडायचा, तर चौतीस-पस्तीस माणसं लागतात. फरक बारीक असेल तर दोनशेच्या घरात. एका शब्दाचा परिणाम असलाच तर तो बारीकच असणार, हे उघड आहे. तेव्हा पंधरा जणांवर केलेल्या प्रयोगाने होकार दिला काय आणि नकार दिला काय, मी दोन्हीकडे सारखंच दुर्लक्ष करतो.

बरं, मग माझे पाय का रोवले गेले?

त्याचं उत्तर बरंचसं मनगटावरच्या त्या दोन बोटांत आहे. आकडे घेऊन बघू. माणूस ६० किलोचा धरा, पाय जुळवलेले. शरीराच्या मध्यरेषेपासून पावलाची बाहेरची कड साधारण १० सेंटिमीटर. कलंडायचं म्हणजे या कडेवरून उलटायचं. उलटू न देणारा जोर झाला ६० गुणिले १०, म्हणजे ६००. आडव्या हाताचं मनगट मध्यरेषेपासून ७० सेंटिमीटरवर, म्हणजे कडेच्या बाहेर ६०. तिथे सरळ खाली दाबलं तर ६०० भागिले ६०, अवघ्या १० किलोंच्या जोराने माणूस कलंडायला लागतो. हातभर मोठा तराजूच तो, आणि पारड्याच्या टोकावर बोट. आता बोटं मनगटाऐवजी कोपराकडे सरकवा, मध्यरेषेपासून ४५ सेंटिमीटरवर. कडेबाहेर राहिले ३५. लागणारा जोर झाला १७ किलो. तेवढं सरकणं बघणाऱ्याला कळतही नाही.

आणि खरी मेख पुढेच आहे. दाब सरळ खाली न देता आतल्या बाजूला, तुमच्या पावलांच्या रोखाने दिला, तर जोराची रेषा पावलांच्या चौकटीतून जाते. मग कितीही दाबा, माणूस उलटणार नाही. उलट आणखी घट्ट रोवला जाईल. तीच दिशा किंचित बाहेर नेली तर दोन बोटंही पुरतात. मित्राला उभं करून हे करून बघा, फोन खिशातच राहू द्या. दिशेतला थोडासा फरकही बराच परिणाम करतो, आणि दाबणाऱ्यालाही तो जाणवेलच असं नाही.

शिवाय पहिला धक्का अनपेक्षित असतो. दुसऱ्या वेळी शरीराला धक्का कुठून, किती येणार हे ठाऊक असतं. ते आधीच विरुद्ध बाजूला इवलंसं कलून तयार असतं. वाईट शब्द नेहमी आधी आणि चांगला शब्द नंतर, हा क्रम कधी उलटा केलेला पाहिलाय का? मी नाही. हीच कसरत मनगटी पट्ट्या विकायलाही वापरली गेली. ‘पॉवर बॅलन्स’ नावाचे पट्टे २००७ च्या पुढे बरेच खपले आणि शेवटी ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगापुढे कंपनीला लिहून द्यावं लागलं की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही.

मग दाबणारा खोटारडा होता का? मला तसं वाटत नाही. टेबलाभोवती हात ठेवून बसायचं आणि आत्मे टेबल फिरवतात असं म्हणायचं, याचं एकोणिसाव्या शतकात युरोपात वेड होतं. १८५३ साली मायकल फॅरडे यांनी हात आणि टेबल यांच्या मध्ये सरकू शकतील असे पुठ्ठ्यांचे थर ठेवले. टेबल हातांना ओढतंय की हात टेबलाला ढकलतायत, हे थर कुठे सरकले त्यावरून कळणार होतं. हातच ढकलत होते. बसलेली माणसं सज्जन होती आणि आपण ढकलत नाही याची त्यांना मनापासून खात्री होती. मनातली अपेक्षा स्नायूंत उतरते आणि मालकाला पत्ता लागत नाही. दाबणाऱ्याला पडद्यावर ‘प्रेम’ दिसतंय तोवर त्याच्या बोटांवर भरवसा ठेवता येत नाही.

हेच उभ्या असलेल्या माणसालाही लागू आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वात रसाळ भाग हाच. संमोहनावर काम करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात एक चाचणी बरीच वापरली. माणसाला डोळे मिटून उभं करायचं, कपड्याला दोरा अडकवून डोलणं कागदावर रेखायचं, आणि शांत आवाजात म्हणत राहायचं, ‘तुम्ही पुढे झुकताय, आणखी पुढे, तुम्ही पडताय’. पुष्कळ माणसं खरोखर पुढे झुकतात. काही तर इतकी, की धरावं लागतं. संमोहित करायची गरजही पडत नाही.

म्हणजे शब्दांनी तोल बदलतो! फक्त तो बदलणारा शब्द गोड असावा लागत नाही. ‘पुढे’ या शब्दात ना प्रेम आहे ना द्वेष. त्यात दिशा आहे, हालचालीचं चित्र आहे. शरीराला त्या चित्राचं काहीतरी करता येतं. ‘कृतज्ञता’ वाचून पोटरीच्या स्नायूने नेमकं काय करायचं?

खेळाडूंना शिकवणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असतं. गाब्रिएला वुल्फ यांनी गेल्या पंचवीसेक वर्षांत तोलाच्या फळ्यांवर लोकांना उभं करून यावर कितीतरी प्रयोग केले. ‘पाय एका पातळीत ठेवा’ असं सांगितलेल्या लोकांपेक्षा ‘फळीवरच्या खुणा एका पातळीत ठेवा’ असं सांगितलेले लोक चांगला तोल शिकतात. वाक्यात दोन शब्दांचा फरक. पण लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं की आपण आपोआप चालणाऱ्या कारभारात लुडबुड करतो, आणि लक्ष बाहेर गेलं की शरीर आपलं काम आपल्या पद्धतीने उरकतं. जिना उतरताना ‘आता कोणता पाय?’ असा विचार करून बघा (खरं तर नका करू).

म्हणून मला कुणी विचारलं की फोनवर कोणता शब्द ठेवू, तर मी म्हणेन, लक्ष कुठेतरी नेणारा. ‘समोरच्या खुणेकडे बघ’ हा संदेश ‘मी समर्थ आहे’ यापेक्षा तोलाच्या बाबतीत जास्त कामाचा. ‘मी समर्थ आहे’ वाईट नाही. मनाला उभारी देत असेल, पडायची भीती कमी करून अंगाचा ताठरपणा सैल करत असेल, तर त्याचाही उपयोग आहे. पण तो भीती असलेल्या माणसाला, हळूहळू, आणि त्याने स्वतः त्यावर विश्वास ठेवला तर. पडद्यावर तीन सेकंद चमकून पाय रोवणारं ते काही नव्हे.

स्वतः तपासायची हौस असेल तर फोनचाच उपयोग करा, पण उलट्या बाजूने. आजच्या बहुतेक फोनमध्ये हालचाल मोजणारा संवेदक असतो आणि त्याचे आकडे दाखवणारी अॅप फुकट मिळतात. फोन पट्ट्याने कमरेच्या मागे, माकडहाडाच्या जरा वर घट्ट बांधा. शब्द कागदावर लिहा, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर लावा. वीस पाकिटं करा, दहांत चांगले शब्द, दहांत ‘कपाट’, ‘खिडकी’ असे बिनरंगी. पिसून घ्या. दर खेपेला अर्धा मिनिट उभं राहा, मध्ये बसून विसावा घ्या. आकडे बघणाऱ्याला कोणतं पाकीट कधी उघडलं हे शेवटपर्यंत कळता कामा नये. आणि कोणता आकडा मोजायचा ते आधीच कागदावर लिहून टाका. दाबायला कुणालाही बोलवू नका. निकाल लागेल तो फक्त तुमच्यापुरता, पण टाळ्यांच्या खेळापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

तेवढ्यात एक एकविसावं पाकीटही करा. त्यात शब्द नको. त्या खेपेला शेजारच्या टेबलाला किंवा भिंतीला तर्जनीचं टोक नुसतं टेकवा, आधार घेण्याइतकं नाही, नुसता स्पर्श. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी १९९४ साली मोजलं होतं की शंभर ग्रॅमपेक्षाही कमी दाबाचा असा स्पर्श डोलणं ठळकपणे कमी करतो. एवढ्या दाबाने शरीर पेललं जात नाही. बोटाच्या टोकाला फक्त कळतं की आपण कुठे सरकतोय, आणि ती चौथी बातमी मेंदूला पुरते.